तारली परत आली

आमच्या विभागाचे प्रमुख अच्युत नेरूरकर खुर्चीत बसल्याबसल्या सगळं विसरले, आणि त्यामुळे आपला एक माणूस परक्या देशात कायमचा अडकला.

असं काही झालेलं नाही. साहेबांची स्मरणशक्ती शेवटच्या दिवसापर्यंत उत्तम होती, हे निरोप समारंभात सगळ्याच वक्त्यांनी सांगितलं. परक्या देशात आपला कुणी माणूस नव्हता. इतकंच काय, आमचा विभागही नाही. दिल्लीतल्या त्या इमारतीवर पाटी आहे ती ‘भूजल नकाशे, उत्तर शाखा’ अशी. अधूनमधून कुणी भोळा माणूस बोअरवेल कुठे मारू म्हणून विचारायला येतो, तेव्हा आम्ही त्याला बसवून, चहा पाजून, अंदाजे एक जागा सांगतो. बऱ्याच जणांना पाणी लागलेलं आहे. हेरगिरीपेक्षा आमचं ते काम जास्त यशस्वी आहे.

तर जे झालं नाही ते सांगतो.

मी ठोसर, मूळचा परभणीचा. तेव्हा साहेबांचा स्वीय अधिकारी होतो. माझी आई समजायची की मी हवामान खात्यात आहे, आणि दर रविवारी फोन करून वाळवण घालू का म्हणून विचारायची. त्या सकाळी मी एक कात्रण घेऊन साहेबांच्या खोलीत गेलो.

“साहेब, तारलीची जाहिरात आली.”

साहेबांनी चष्मा पुसला, कात्रण हातात घेतलं. त्या देशातल्या एका रद्दड वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात होती. शिलाई मशीन विकणे आहे. पायाने चालणारी, सुस्थितीत. प्रत्यक्ष येऊन पाहावी.

याचा अर्थ विभागात मोजक्या लोकांना माहीत होता. मला संशय आलाय, माझ्यावर नजर आहे, मला इथून काढा.

साहेब आपल्या माणसांना माशांची नावं द्यायचे. सुरमई परत येऊन मेरठला स्थायिक झाली होती. पापलेट पकडलं गेलं, त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. आता बाहेर उरली होती ती एकटी तारली. तारली म्हणजे कोण, तिथे कुठल्या नावानं राहते, घर कुठलं, जाहिरातीला उत्तर काय द्यायचं, हे फक्त साहेबांच्या डोक्यात होतं. फार पूर्वी एका कागदापायी एक माणूस गेला, तेव्हापासून साहेबांनी कागदावर काही ठेवलं नाही. एक माणूस, एक डोकं. याच पद्धतीवर साधा अधिकारी असलेले नेरूरकर एकेक पायरी चढत प्रमुख झाले. लोक म्हणायचे, विभागाला तिजोरीची गरज नाही, साहेब रोज चालत येतात.

जाहिरातीला उत्तर चुकीचं गेलं तर तारलीनं समजायचं होतं की आपण उघडे पडलो, आणि मग कुणाशीच संपर्क ठेवायचा नव्हता. तेव्हा नेमकं उत्तर हवं होतं.

साहेबांनी कात्रण खाली ठेवलं.

“बरी दिसता मशीन,” ते म्हणाले. “घेवन टाक. आवशीक शिवणाचो नाद असा.”

मी थांबलो. पण आमच्याकडे एक नियम आहे, साहेबांनीच केलेला. प्रमुखांना तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारायचा नाही. दुसऱ्यांदा विचारणारा एकतर बहिरा असतो किंवा विकला गेलेला, असं त्यांचं मत होतं. मी दोन्ही नव्हतो, म्हणून बाहेर आलो आणि सहप्रमुख त्रिपाठीसाहेबांकडे गेलो. त्रिपाठीसाहेब हिंदीत बोलायचे. इथे मी त्यांना मराठी बोलायला लावतोय, हे त्यांना आवडणार नाही.

“नेमके शब्द सांग,” त्रिपाठी म्हणाले.

मी सांगितले.

“आवस म्हणजे?”

“आई.”

“कुणाची?”

“साहेबांची.”

“त्या हयात आहेत?”

“नाहीत. मी शाळेत असतानाच गेल्या म्हणे.”

त्रिपाठीसाहेबांनी डोळे मिटले आणि मान हलवली. “काय माणूस आहे,” ते म्हणाले. “काय माणूस आहे!”

ते वाक्य त्यांनी संकेत शाखेकडे पाठवलं. संकेत शाखेनं बरेच दिवस घेऊन कळवलं की ही भाषा ज्ञात भाषांमध्ये मोडत नाही. मी त्यांना सांगायला गेलो की ही कुडाळ-सावंतवाडीकडची बोली आहे, तिकडे मासळीबाजारात सर्रास बोलतात. शाखाप्रमुखांनी दार लावून घेतलं आणि मला विचारलं, “ही माहिती तुला कुणी दिली?”

दरम्यान मशीन घ्यायचा आदेश तर पाळायलाच हवा होता. जाहिरातीतला पत्ता ठरल्याप्रमाणे खोटा होता. मग त्रिपाठीसाहेबांनी निष्कर्ष काढला की त्या शहरातली कुठलीही मशीन चालेल. तिथल्या आपल्या दूतावासातल्या एका कारकुनानं दुकानातून पायमशीन विकत घेतली, आणि ती दूतावासाच्या खास पिशवीतून, म्हणजे सात-आठ खास पिशव्यांतून, दिल्लीला आली. तांत्रिक शाखेनं तिचा स्क्रू न् स्क्रू वेगळा केला. खणात दोऱ्याची एक गुंडाळी निघाली आणि एक शर्टाचं बटण. बटणाचा एक्स-रे काढला. बटणाला चार भोकं होती. त्यावर एक अहवाल झाला, मी वाचलाय, चांगला लिहिलाय.

मशीन खोलीत सुटी पडलेली असतानाच दुसरी जाहिरात आली. शिलाई मशीन विकणे आहे. किंमत कमी केली आहे.

तेव्हा पहिल्यांदा मला साहेबांबद्दल शंका आली.

कारण बाकीच्याही गोष्टी मी बघत होतो. मंत्र्यांच्या बैठकीत साहेबांनी स्वतःची ओळख करून दिली होती, “मी भास्कर कुडतरकर, छत्र्या दुरुस्त करतो.” तरुणपणी एका सरहद्दीवरच्या गावात ते याच नावानं, याच धंद्यावर राहिले होते. मंत्र्यांना घाम फुटला. आपल्याला काहीतरी सुचवलं जातंय असं वाटून त्यांनी दुसऱ्याच दिवशी आपला खासगी सचिव बदलला. पुढे तो सचिव खरोखरच भानगडीचा निघाला, त्यामुळे साहेबांचा दरारा आणखी वाढला. मला मात्र बैठकीनंतर आठवत होतं ते वेगळंच. गाडीत बसल्यावर साहेबांनी मंत्र्यांच्या बंगल्याकडे बोट दाखवून हळूच विचारलं होतं, “हयसर कोण ऱ्हवता?”

एका रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. साहेब आत झोपले होते. कालिंदीकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, ओट्याशी बसून वाल सोलत होत्या. सुरुवातीला मी त्यांना मॅडम म्हणायचो. तेव्हा त्यांनी, “मॅडम म्हटलंस तर चहा मिळणार नाही,” अशी धमकी दिली होती, आणि ती आमच्या विभागाच्या धमक्यांपेक्षा परिणामकारक होती.

“काकू, साहेब हल्ली जरा...”

“विसरतात.”

“कधीपासून?”

“ते मला कसं कळणार?” त्या म्हणाल्या. “लग्न झाल्यापासून ह्यांनी मला काही सांगितलेलं नाही. कुठे गेले होते, कधी येणार, तिकडे काय खाल्लं. माणूस सांगत नाहीये की विसरलाय, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं रे.”

“मग लक्षात कसं आलं?”

“सांगायला लागले.”

त्यांनी हातातला वाल टोपात टाकला.

“मागे एकदा सकाळी मी कपडे वाळत घालत होते. हे मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, कालिंदी, आपला बाबू झाला तेव्हा मी कोचीला नव्हतो गं. मी तुरुंगात होतो. कुठल्या, कसा, सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा नवरा माझ्याशी खरं बोलला, आणि मी काय केलं? डॉक्टर शोधायला लागले.”

“दाखवलं?”

“तुमच्याच डॉक्टरला. दुसऱ्या कुणाला दाखवायची परवानगी कुठे आहे? त्यानं ह्यांना प्रश्न विचारले. आज वार कोणता, आत्ता आपण कुठे आहोत, मुलाचं नाव काय. ह्यांनी एकाचंही उत्तर दिलं नाही. त्यानं लिहून दिलं, मनोधैर्य अभेद्य.”

मी हसलो. त्याही हसल्या. मग दोघांनाही पुढे कसं हसायचं ते कळेना.

“काकू, एक माणूस आहे.”

“असेलच.”

“बाहेर आहे. त्याला परत यायचंय. त्याचं नाव फक्त साहेबांना माहीत आहे.”

त्यांचे हात थांबले. “त्याला आई आहे?”

“माहीत नाही.”

“बायको-मुलं?”

“काकू, नावच माहीत नाही.”

“म्हणजे तो तिकडे वाट बघतोय, आणि इकडे कुणाची वाट बघायची तेच कुणाला ठाऊक नाही.” त्यांनी पदराला हात पुसले. “मंगळवारी दुपारी जेवायला ये. ह्यांना घरी थांबवते. माशाच्या वासानं ह्यांना खूप काही आठवतं. तिरफळं गावची आहेत, तारल्या मिळवते कुठूनतरी.”

मंगळवारी मी जेवायला गेलो तेव्हा फाटकातच वास आला. तिरफळं घातलेलं तारल्यांचं लालभडक तिखलं, भात, सोलकढी. साहेब पाटावर बसले होते. दिल्लीतल्या सरकारी बंगल्यात डायनिंग टेबल होतं, पण मासे असले की ते खाली बसायचे. त्यांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला. मग समोर बघितलं. समोर मी.

ते बघतच राहिले. त्यांचे डोळे भरून आले. हाताला कालवण लागलेलं तसंच ठेवून ते म्हणाले,

“इलंस?”

मी काकूंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, हो म्हण.

“आलो, साहेब.”

“कधी इलंस?”

“आत्ताच.”

“वाटेत त्रास झालो?”

“नाही, साहेब.”

“तुका आणूक उशीर झालो रे, तारल्या,” ते म्हणाले, आणि आपल्या ताटातली एक तारली उचलून माझ्या भातावर ठेवली. “लय उशीर झालो. माका झोप लागा नाय.”

तारली गरम होती. काकू मला डोळ्यांनी खुणावत होत्या, विचार, आत्ता विचार.

“साहेब,” मी म्हटलं, “तिकडे मी कुठल्या नावानं राहत होतो?”

त्यांचं चावणं थांबलं. आणि मी शपथेवर सांगतो, त्या क्षणी समोर जुने नेरूरकर होते. ज्यांच्याबद्दल विभागात गोष्टी सांगतात ते. मान किंचित तिरकी, नजर स्थिर, ओठावर एक बारीक हसू.

“माका इचारतंस?”

“हो.”

“नाव कोणी इचारला तर काय करूचा, ता मिया तुका शिकवलंय.”

“काय शिकवलंत?”

“गप ऱ्हवायचा.”

“पण साहेब, मीच विचारतोय. माझंच नाव.”

“आपलाच नाव इचारणारो माणूस,” साहेब भात कालवत म्हणाले, “सगळ्यांच्या आधी फुटलेलो असता.”

काकूंनी ताट बाजूला सरकवलं. त्या त्यांच्या अगदी जवळ जाऊन बसल्या. इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याकडे असं काही मागितलं असेल असं मला वाटत नाही.

“अहो, त्याला नका सांगू. मला सांगा. माझ्या कानात सांगा. कुणाला कळणार नाही.”

साहेबांनी त्यांच्याकडे इतक्या मायेनं बघितलं की मी खाली बघितलं.

“कालिंदी, मिया तुका कधी काय सांगलंय?”

“नाही.”

“मगे?” ते म्हणाले, आणि सोलकढी मागितली.

त्यांना ते नाव आठवत होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब विभागात आले ते शीळ घालत. असं कधी झालं नव्हतं. त्या शिळेची संकेत शाखेनं नोंद घेतली. ते सरळ त्रिपाठीसाहेबांच्या खोलीत गेले आणि स्वच्छ, ठणठणीत हिंदीत म्हणाले, “तारली परत आली. प्रकरण बंद करा.”

त्रिपाठी उभे राहिले. “अभिनंदन, सर. कुठे आहे?”

हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला होता, त्यामुळे नियमात बसत होता. साहेबांनी काचेतून माझ्याकडे बोट केलं.

“तो काय, भायर बसलो हा.”

साहेब गेल्यावर मी आत धावलो.

“सर, मी तारली नाही.”

“बस.”

“सर, मी ठोसर. तुम्हीच माझी मुलाखत घेतलीत. त्यांनी काल जेवताना मला तारली समजून—”

“प्रमुख म्हणाले, तारली परत आली. प्रमुख म्हणाले, ती तू आहेस. आता मी त्यांना पुन्हा जाऊन विचारू?”

“सर, तारली तिकडे गेली तेव्हा मी परभणीत सातवीत होतो!”

“उत्तम कव्हर होतं,” त्रिपाठी म्हणाले.

ते हे गंभीरपणे म्हणाले. मला वाटलं हा माणूस मूर्ख आहे. मग त्यांनी उठून दार लावलं, खिडकीशी जाऊन उभे राहिले, आणि माझ्याकडे पाठ करून बोलले.

“मशीन दिल्लीत उतरली ना, त्याच दिवशी मला कळलं.”

“काय?”

“तुला जे कळलंय ते. आता ऐक, बेटा. साहेब विसरलेत असं मी लिहून दिलं, तर त्यांनी वर्षभरात दिलेला एकेक आदेश उकरून काढतील. त्या आदेशांवर माणसं पाठवली गेलीत. काही माणसं आत टाकली गेलीत. सगळ्यांखाली माझी सही आहे. सरकार पडेल, ते एक वेळ जाऊ दे. माझ्या मुलीचं लग्न ठरलंय.”

“आणि तारली?”

“परत आली,” त्रिपाठी म्हणाले. ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा आजारी माणसासारखा दिसत होता. “जा आता. तुझी विचारपूस ठेवलीय.”

परदेशातून परतलेल्या माणसाची पद्धतशीर विचारपूस होते. माझी झाली. तिघे अधिकारी मला विचारत होते, तिकडे एकटं वाटायचं का, घरची आठवण यायची का, कुणावर जीव जडला का. मी प्रत्येक वेळी सांगायचो की मी तिकडे गेलेलोच नाही. त्यांनी एकमेकांकडे बघून लिहिलं, सहकार्य करत नाही, अशा माणसांत हे नेहमीचंच. शेवटी एका बंद खोलीत मला एक पदक दाखवलं, माझ्या छातीला लावलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि काढून परत कपाटात ठेवलं. पदक देताना साहेब होते. त्यांनी मला मिठी मारली आणि कानात विचारलं, “जेवलंस?”

पुढच्या महिन्यात तिसरी जाहिरात आली. शिलाई मशीन मोफत देणे आहे. चालू स्थितीत. कोणीही येऊन घेऊन जावे.

मी ती घेऊन त्रिपाठीसाहेबांकडे गेलो.

“हे काय आहे?”

“तारलीची जाहिरात, सर.”

“तारली तू आहेस.”

“मग ही कुणी दिली?”

त्यांनी कात्रण वाचलं, नको तितका वेळ वाचलं, आणि माझ्या हातात परत दिलं. “तिकडे माणसं राहतात, ठोसर,” ते म्हणाले. “माणसांकडे मशिनी असतात.”

साहेब मानानं निवृत्त झाले. आता ते कुडाळजवळ गावी असतात. मी अधूनमधून काकूंना फोन करतो. साहेब कुणालाच ओळखत नाहीत, काकूंनाही नाही. पण रोज दुपारी पानावर बसले की विचारतात, “तारल्या जेवलो काय?” आणि काकू सांगतात, “जेवला.” मगच घास घेतात.

त्रिपाठीसाहेब प्रमुख झाले आणि यथावकाश निवृत्त होऊन सुटले. त्यांच्या जागी आता दुसरे आहेत, त्यांना तारली हा मासा असतो एवढंच माहीत आहे. ती शिलाई मशीन तांत्रिक शाखेनं पुन्हा जोडली, ती आमच्या जिन्याखाली आहे. बोअरवेलवाले लोक तिच्यावर पिशव्या ठेवतात. मी ते रद्दड वर्तमानपत्र स्वखर्चानं मागवतो आणि छोट्या जाहिराती वाचतो. तिकडे सायकली विकतात, बकऱ्या हरवतात, एकदा कुणीतरी हार्मोनियम शिकवणे आहे असं दिलं होतं, त्यावर मी आठवडाभर विचार केला.

कागदोपत्री तारली मीच असल्यानं तारलीच्या वतीनं अर्ज करायचा अधिकार फक्त मला आहे. तो मी दर वर्षी करतो. यंदाचा असा आहे.

प्रति, प्रमुख, भूजल नकाशे, उत्तर शाखा.

विषय: मला परत आणण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, मी परत आलो असल्याची नोंद आपल्या कार्यालयात आहे. तथापि मी अद्याप परत आलेलो नाही. मशीन चालू स्थितीत असून तिची कोणतीही किंमत अपेक्षित नाही. तरी आपल्या सोयीच्या दिवशी कोणीतरी प्रत्यक्ष येऊन मला घेऊन जाण्याची व्यवस्था व्हावी. माझे नाव फक्त प्रमुखांना माहीत असल्यामुळे ते खाली लिहिलेले नाही.

कळावे.